पॉप की रॉक? ‘थ्रिलर’ची दुसरी बाजू लावा

पॉप आणि रॉकच्या चाहत्यांची जुंपली की वाक्यं ठरलेली असतात. रॉकवाले म्हणतात, पॉप म्हणजे निर्मात्याने यंत्रावर जुळवलेलं काम, त्यात वाजवणारा माणूस असतोच कुठे? पॉपवाले म्हणतात, तुमच्याकडे गिटार पिळत बसतात आणि गाणं राहतं बाजूला. मी ड्रम वाजवते, दोन्ही प्रकारांत वाजवते, आणि या भांडणात मला दर वेळी एकच रेकॉर्ड पुढे करावीशी वाटते: मायकल जॅक्सनचा १९८२ सालचा ‘थ्रिलर’. सुटी गाणी नव्हेत, अख्खी एलपी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाजणारी मोठी रेकॉर्ड.

एलपीचा आग्रह अशासाठी की गाण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. दुसरी बाजू लावली की पहिलं येतं ‘बीट इट’ आणि त्याला लागूनच ‘बिली जीन’. एक रॉकचं म्हणून मिरवलं जाणारं, दुसरं पॉपचा कळस मानलं जाणारं. ही दोन गाणी पाठोपाठ ऐका आणि ती कशी ध्वनिमुद्रित झाली ते लक्षात ठेवून ऐका. वादातली निम्मी विधानं तिथेच गळून पडतात.

‘बीट इट’मधला सोलो, म्हणजे गिटारने एकट्याने गाजवलेला तुकडा, रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा. त्याने त्यासाठी पैसे घेतले नाहीत. आल्यावर त्याने सोलोखालच्या भागाची रचनाच बदलून घेतली, त्यासाठी टेप कापावी लागली, आणि बाकीच्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाशी तिचा मेळ बसेना. हाताशी उरलं काय, तर जॅक्सनचा आवाज, एडीचा सोलो आणि जॅक्सनने ड्रम ठेवायच्या एका पेटीवर वाजवलेली थाप. गिटारवादक स्टीव्ह ल्युकेथरने ही हकिकत पुढे मुलाखतींमध्ये सांगितली आहे. ड्रमर जेफ पोर्कारोने त्या थापेवरून लय पकडली आणि ड्रम नंतर वाजवले. मग ल्युकेथरने गिटार आणि बास भरले. म्हणजे सोलो आधी आणि त्याच्या खालचे ड्रम मागाहून! ल्युकेथरने आधी मोठे मार्शल अँप्लिफायर लावून गिटारचा दणदणाट केला होता. तो निर्माता क्विन्सी जोन्सला जास्त वाटला, पॉप रेडिओवर हे कोण लावणार म्हणून, आणि छोट्या फेंडर अँप्लिफायरवर गिटार पुन्हा वाजवली गेली.

आता ‘बिली जीन’. इथे ड्रम मशिनचा ठेका आहेच, पण त्यावर लिऑन ‘एनडुगू’ चान्सलर नावाचा ड्रमर प्रत्यक्ष वाजवतो आहे. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीनने बेस ड्रमला खास आवरण शिवून घेतलं होतं, त्यात माइक आत सारायला जागा ठेवली होती. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) यांच्या मध्ये लाकडाची फळी लावली होती, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून. तो कोरडा, गच्च, छातीशी येणारा ठोका अशा खटपटीतून आला आहे. हे गाणं वाजवायला बसलं की कळतं, किती अवघड आहे ते. जवळपास पाच मिनिटं एकच ठेका, ना फिल (ठेका मोडून घातलेला छोटा तुकडा), ना दिखावा, आणि लय तसूभरही हलायची नाही. हात शिवशिवतात, मधेच काहीतरी घालावंसं वाटतं. चान्सलर मोह आवरतो. लुई जॉन्सनचा बास त्याला असा चिकटून चालतो की दोघांच्या मधून दोरा जाणार नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ‘रॉक म्हणजे जिवंत वादन आणि पॉप म्हणजे जुळवाजुळव’ हा मुद्दा या रेकॉर्डपुरता तरी पार उलटा पडतो. यातलं सगळ्यात रॉक गाणं तुकड्यातुकड्यांनी उभं केलेलं आहे आणि सगळ्यात पॉप गाण्याला एका ड्रमरच्या संयमाने तोलून धरलं आहे. आणि दोन्ही थरारक आहेत.

रॉकवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मानते. चार माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवतात तेव्हा ध्रुवपदाला लय किंचित पुढे धावते, कडव्यात जराशी मागे रेलते. ती धाव ‘थ्रिलर’मध्ये नाही. इथे सगळं मोजूनमापून आहे. ज्याला ती धाव हवी, त्याची भूक ही रेकॉर्ड भागवणार नाही, आणि त्यात त्या माणसाचं काही चुकत नाही. पण त्या हट्टापायी लोक कुठवर जातात तेही आठवावं. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधे डिस्कोच्या, म्हणजे नाचाच्या पॉप संगीताच्या, रेकॉर्डचा ढीग रॉकवाल्यांनी स्फोटाने उडवला, गर्दी मैदानात घुसली आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. संगीत आवडत नसेल तर लावू नये, एवढं साधं आहे.

सगळी गाणी एका तोलाची नाहीत. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीबरोबरचं ‘द गर्ल इज माइन’ गुळमट आहे, आणि अल्बममधून पहिलं तेच बाजारात का आणलं ते मला कधी पटलेलं नाही. ‘बेबी बी माइन’ बरं आहे, इतकंच. उलट ‘ह्यूमन नेचर’ ऐकताना मी अजूनही हातातलं काम थांबवते. जेफचा भाऊ स्टीव्ह पोर्कारो याची ती चाल आणि त्यावर जॅक्सनचा अर्धा श्वास, अर्धा सूर.

आवाजाबद्दल. पहिली बाजू साधारण २० मिनिटांची, दुसरी २२. आधी ती याहून लांब होती. एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा बारीक होतात आणि आवाज मिळमिळीत होतो, म्हणून गाणी कापून मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळणी, पुन्हा करावं लागलं. त्या मेहनतीचं फळ ऐकू येतं: बास भरदार आहे आणि आवाज वाढवला तरी कानाला टोचत नाही. दुसऱ्या बाजूचं शेवटचं ‘द लेडी इन माय लाइफ’ मात्र मध्याच्या अगदी जवळ आहे, तिथे झिजलेली सुई ‘स’ फाडते. सुई चांगली ठेवा.

पाकीट दुहेरी आहे, उघडलं की पांढऱ्या सुटातला जॅक्सन आणि वाघाचा बछडा. आतल्या कागदी पाकिटावर गाण्यांचे शब्द आणि श्रेयनामावली आहे. तिच्यात जॅक्सनच्या नावापुढे ड्रमची पेटी बडवण्याचंही श्रेय आहे. जुनी प्रत घेणार असाल तर दोन गोष्टी बघा: दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला चरे नाहीत ना, कारण लोक तीच सर्वात जास्त वाजवतात, आणि ते आतलं पाकीट सोबत आहे ना. पुष्कळदा तेच गहाळ असतं.