एकही हार नाही, मग वर कोण: मेवेदर की क्रॉफर्ड?

अमेरिकन बॉक्सर टेरेन्स क्रॉफर्डने डिसेंबर २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्याच्या नावावर ४२ लढती होत्या आणि ४२ विजय. त्याच्याच देशाच्या फ्लॉइड मेवेदरच्या नावावर ५० पैकी ५०. या दोघांत वर कुणाला ठेवायचं हे ज्याला ठरवायचंय, त्याने हे आकडे आधी बाजूला सारावेत. समोर कुणाला उभं केलं, कधी केलं आणि कुठल्या वजनाला केलं, हे विचारल्याशिवाय पराभवांच्या त्या शून्याला काही किंमत नाही. मेवेदरची पन्नासावी लढत एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) लढवय्या कॉनर मॅकग्रेगरशी होती. त्या गड्याने त्याआधी व्यावसायिक बॉक्सिंगची एकही लढत खेळली नव्हती. ती मी धरतच नाही. ४९ म्हणू.

नशिबाने दोघांना मोजायला एक सामाईक माप आहे: मेक्सिकोचा कॅनेलो अल्वारेझ. मेवेदर त्याच्याशी १४ सप्टेंबर २०१३ ला लढला, क्रॉफर्ड १३ सप्टेंबर २०२५ ला. दोन्ही वेळा लास वेगास, मधे बारा वर्षांना एक दिवस कमी. पहिल्या वेळी कॅनेलो २३ वर्षांचा, दुसऱ्या वेळी ३५ चा. म्हणजे एकाने कोवळा असताना गाठला, दुसऱ्याने उतरणीला लागल्यावर, आणि दोन्हीकडचे चाहते नेमकं हेच एकमेकांना ऐकवतात. मला वयापेक्षा वजन महत्त्वाचं वाटतं. मेवेदरने कॅनेलोला १५२ पौंडांवर उतरायला लावलं, त्या वजनगटाच्या १५४ च्या मर्यादेपेक्षा दोन पौंड खाली. क्रॉफर्ड मात्र १५४ वरून मधला १६० चा गट ओलांडून थेट कॅनेलोच्या घरात, १६८ ला गेला. तेही अडतिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आलेला असताना. तीन पंचांचे गुण ११६-११२, ११५-११३, ११५-११३, तिन्ही क्रॉफर्डच्या बाजूने. मेवेदरची लढत प्रत्यक्षात जास्त एकतर्फी होती (एका पंचाने ती ११४-११४ बरोबरीत दिली, तो विनोद आजही सांगितला जातो), पण धाडस क्रॉफर्डचं मोठं. हा मुद्दा त्याचा.

त्याच्या बाजूने आणखीही आहे. १४०, १४७ आणि १६८ अशा तीन गटांत चार मुख्य संघटनांचे जगज्जेतेपदाचे सगळेच्या सगळे चार पट्टे एकाच वेळी कमरेला बांधणारा तो पहिला पुरुष बॉक्सर. आणि जुलै २०२३ ची एरॉल स्पेन्सविरुद्धची रात्र! स्पेन्सही तोवर अजिंक्य होता. क्रॉफर्डने त्याला तीनदा जमिनीवर बसवलं आणि नवव्या फेरीत रेफरीने लढत थांबवली. आपल्याकडे ती रविवारची सकाळ. माझ्या मित्राच्या हातातली पोह्यांची बशी तशीच निवत राहिली होती. क्रॉफर्ड मूळचा उजवा, पण डावखुरा पवित्रा घेऊन लढायचा आणि मधेच पाय बदलायचा. समोरच्याने त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) ओळखेपर्यंत तो दुसऱ्याच बाजूने यायला लागलेला असायचा.

मात्र स्पेन्सपर्यंत पोचायला त्याला फार उशीर झाला. १४७ पौंडांत तो २०१८ साली आला, जेफ हॉर्नला हरवून पट्टाही घेतला, आणि मग अडकला. तो लढती भरवणाऱ्या एका प्रवर्तकाकडे, त्या गटातले बाकीचे तगडे गडी दुसऱ्या कंपूत. व्यवहार जमेचना. त्या वर्षांत त्याच्यापुढे आले ते ब्रिटनचे अमिर खान, केल ब्रुक असे भर ओसरलेले लोक. तगडा शॉन पोर्टर मिळाला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. त्यानंतर वर्षाला एकच लढत. यात त्याचा दोष थोडाच, पण चरित्रातली रिकामी पानं रिकामीच राहतात.

मेवेदरची पानं भरलेली आहेत, आणि तीही लोक विसरतात त्या काळातली. पैसे उधळणारा, बडबड्या मेवेदर सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीचा, १३० पौंडांचा पोरगा पाहा. पदार्पणानंतर दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १९९८ मध्ये, त्याने हेनारो हर्नांडेझकडून पट्टा काढून घेतला. जानेवारी २००१ मध्ये डिएगो कोरालेस समोर आला. उंच, घणाघाती, तोवर एकही लढत न हरलेला. मेवेदरने त्याला पाच वेळा पाडलं. दहाव्या फेरीत कोरालेसच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. ‘मेवेदर नुसता पळतो’ म्हणणाऱ्याला मी आधी ही लढत लावून देतो.

त्यापुढे १३५, १४०, १४७, १५४ चे गट. समोर दे ला होया, हॅटन, मार्केझ, मोझ्ली, कोट्टो, आणि सगळे हरले. हात नाजूक, वारंवार दुखावणारे, म्हणून पुढे पुढे नॉकआउट आटत गेले. डिसेंबर २००७ मध्ये हॅटनला लोळवल्यावर शेवटपर्यंत फक्त दोन. कुस्तीच्या फडात निकाली कुस्तीला टाळ्या पडतात, गुणांवरच्या कुस्तीला नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यामुळे क्रॉफर्डच्या ४२ पैकी ३१ नॉकआउटचं वजन डोळ्यांत भरतं. पण खांदा गोल करून, हनुवटी मागे लपवून समोरच्याचा ठोसा घसरवायचा आणि त्याच क्षणी उजव्या हाताने उत्तर द्यायचं, हे बारा फेऱ्या करत राहणं ही काही कमी कला नाही.

डागही सांगतो. फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओशी लढत व्हायला हवी होती २००९-१० च्या सुमाराला. रक्तचाचणीच्या अटींवर बोलणी फिसकटली आणि ती झाली मे २०१५ मध्ये, पॅकियाओ मार्केझकडून नॉकआउट होऊन गेल्यावर. आणि रिंगबाहेर, घरगुती मारहाणीच्या गुन्ह्यात २०१२ साली मेवेदर तुरुंगात जाऊन आला. मी इथे फक्त रिंगमधलं मोजतोय, पण त्याला वर ठेवताना ते विसरून ठेवता येत नाही.

तरी मी त्यालाच वर ठेवतो. अजून ठरत नसेल तर एप्रिल २००२ ची होसे लुइस कास्टिलोविरुद्धची पहिली लढत आवाज बंद करून बघा आणि वहीत स्वतः गुण मांडा. पंचांनी ती एकमताने मेवेदरला दिली. माझ्या वहीत ती कास्टिलोने जिंकली, एका फेरीच्या फरकाने का होईना. म्हणजे माझ्या हिशेबाने मेवेदरचं ते शून्य खरं नाहीच. क्रॉफर्डचं खरं आहे. पण त्या वादग्रस्त निकालानंतर आठ महिन्यांच्या आत मेवेदर पुन्हा त्याच कास्टिलोसमोर उभा राहिला, आणि या वेळी माझ्या वहीतही जिंकला. मित्राला हे पटलेलं नाही. तो स्पेन्सची लढत पुन्हा लावून बसलाय.