मधमाशीचा पराग: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत खाऊन झालेलं मत

आधी निकाल सांगते. पराग मला मानवला आणि सकाळची भूक परत आली. पण त्याने हिमोग्लोबिन वाढलं, गुडघे बरे झाले, केस गळायचे थांबले, असलं काही मी म्हणणार नाही. आणि ज्यांना गाजरगवताचा त्रास आहे त्यांनी या बाटलीला हातही लावू नये.

मी अमळनेरची. शाळेत शिकवते, पन्नाशी उलटलीय, पक्की शाकाहारी. दिवाळीनंतर टायफॉइड झाला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. ऐन भरिताचा हंगाम, गल्लीत वांगी भाजल्याचा वास, आणि मला कळण्याच्या भाकरीचा घास खाली उतरेना. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही कमी. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. पराग सुचवला तो पुतण्याने. तो साक्रीकडे मधमाश्या पाळतो, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर पेट्या नेऊन ठेवतो.

त्याच्याकडचा माल तेव्हा तयार नव्हता म्हणून पहिली बाटली ऑनलाइन मागवली. एकसारखे पिवळेधमक दाणे, मोहरीच्या फुलांचे. लेबलवर दावेच दावे: संपूर्ण अन्न, बी-१२ चा खजिना, अ‍ॅलर्जीवर रामबाण. बी-१२ हे जिवाणू तयार करतात, झाडं करत नाहीत. मग फुलाच्या परागात त्याचा खजिना येणार कुठून? त्या एका ओळीवरूनच बाकीच्या लेबलवर किती विश्वास ठेवायचा ते ठरलं. दाणे मात्र खराब नव्हते.

हा पराग म्हणजे फुलातली नुसती पूड नाही. माशी पूड गोळा करते, त्यात थोडा मकरंद आणि लाळ मिसळते आणि मागच्या पायांवर गोळी करून घरी आणते. पाळणारे पेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी लावतात. तिच्यातून आत शिरताना पायावरच्या गोळ्या निसटून खालच्या ट्रेमध्ये पडतात. पोळ्यातल्या पिल्लांचं पोषण यावरच चालतं. पराग खाऊनच दाई माशा त्यांना भरवतात. म्हणजे आपण खातो तो त्यांच्या लेकरांचा दूधभात. पुतण्या जाळी थोडे दिवस लावतो आणि काढून घेतो. कायम लावली तर पेटी अशक्त होते, असं तो सांगतो. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथे शिकून आल्यापासून त्याच्या बोलण्यात थोडा मास्तर आलाय, पण माल चोख देतो.

दुसरी बाटली त्याचीच. पिवळे, नारिंगी, मळकट पांढरे, एखाददुसरे जवळजवळ काळे, असे रंगीबेरंगी दाणे. चवही दाण्यागणिक वेगळी, कुठे गोडसर, कुठे कडवट. वास थोडा सुक्या गवतासारखा. पहिल्या आठवड्यात आवडला नाही, खरं सांगते.

आमच्याकडच्या लोकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते वाळवण्याकडे आणि साठवण्याकडे. ताज्या परागात वीस-तीस टक्के पाणी असतं. ते सात-आठ टक्क्यांच्या खाली आणलं नाही तर बुरशी धरते. आणि वाळवायचा तोही मंद उबेवर, चाळीस अंशांच्या आसपास. त्याहून जास्त तापवला तर त्यातले नाजूक घटक जातात. आता आमचा मे महिना आठवा. जळगाव-भुसावळकडे सावलीतच पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. पापड-बिबड्यांना ते ऊन झकास, परागाला नाही. म्हणून कोणी कौतुकाने ‘उन्हात वाळवलेला’ म्हणून विकत असेल तर मी घेत नाही, आणि उन्हाळ्यात कुरिअरने मागवतही नाही. ते पार्सल कुठल्या पत्र्याच्या गोदामात किती दिवस भाजत पडलं, कोणाला ठाऊक. पावसाळ्यात उलटा त्रास. झाकण उघडं राहिलं की दाणे चिकटायला लागतात. बाटली हलवल्यावर दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. गठ्ठा झाला असेल किंवा आंबूस वास येत असेल तर परत करा. मी छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवते.

खायचा कसा? सुरुवातीला दोन-चार दाणे जिभेवर ठेवून दिवसभर वाट पाहिली. मग हळूहळू एक चमचा, पुढे दोन. दाण्यातल्या प्रत्येक परागकणाला बाहेरून फार चिवट कवच असतं. ते इतकं टिकाऊ की लाखो वर्षांपूर्वीचे परागकण शास्त्रज्ञांना मातीच्या थरांत सापडतात. तसाच गिळला तर आतलं सगळं अंगी लागत नाही. म्हणून मी तो खलात थोडा भरडते, रात्री वाटीभर पाण्यात भिजवते आणि सकाळी दह्यात किंवा कुस्करलेल्या केळ्यात कालवते. उकळत्या दुधात टाकू नका. रावेरकडच्या माझ्या मैत्रिणीने विचारलं, केळीचाच पराग नाही का मिळत? नाही मिळत. आपली खायची केळी परागाशिवायच धरते. केळफुलावर माशा येतात त्या मकरंदासाठी. कपाशीचंही तसंच. तिचा पराग मोठा आणि काटेरी, त्याच्या गोळ्या नीट वळत नाहीत, म्हणून माशा तो फारसा आणत नाहीत. मला यात बरंच वाटलं, कारण कपाशीवर फवारण्या किती होतात ते आम्ही बघतोच. फवारणीची औषधं परागात उतरतात. माल घेताना पेट्या कोणत्या पिकात होत्या हे विचारायला लाजू नका.

फरक दिसला तो भुकेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सकाळी शाळेत जाण्याआधी पोटात कावळे ओरडायला लागले. जर्मनीत वनौषधी तपासणारी ‘कमिशन ई’ नावाची समिती होती. तिनेही पराग मान्य केला तो अशक्तपणा आणि मंदावलेली भूक यांच्यासाठीच. हे मी नंतर वाचलं आणि पटलं. बाकी हिमोग्लोबिन वाढलं, बी-१२ वर आलं, पण गोळ्या मी एक दिवस सोडल्या नव्हत्या. शाळेतल्या बायका श्रेय परागाला देतात. मी देत नाही. आणि टायफॉइडनंतर भूक आपसूकही परत येतेच, तेव्हा भुकेतलाही परागाचा वाटा किती ते छातीठोक सांगता येणार नाही.

प्रथिनांसाठी घेत असाल तर सरळ नको म्हणेन. पराग कुठल्या फुलांचा त्यावर प्रथिनं बदलतात, दहा टक्क्यांपासून चाळीसपर्यंत. सरासरी वीस-बावीस धरा. म्हणजे एका चमच्यात जेमतेम एक ग्रॅम. उडदात साधारण चोवीस टक्के, शेंगदाण्यात तितकीच. एका बाटलीच्या पैशात तीन-चार किलो उडीद डाळ येते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बाटली हातात घेऊन विचारलं होतं, “हाई काय शे वं?” मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग उडीदनी दाय खाय ना!” हिशेबाने त्याच बरोबर.

आता आमच्या ह्यांचं. ह्यांना दर पावसाळा सरताना शिंका, डोळ्यांना खाज, मानेवर चट्टे. कारण गाजरगवत. १९५०च्या दशकात आयात गव्हाबरोबर आलं आणि आता प्रत्येक बांधावर आहे. विकणाऱ्याने फोनवर मला छातीठोकपणे सांगितलं, साहेबांनाही द्या, अ‍ॅलर्जी मुळापासून जाईल. ह्यांनी चिमूटभर घेतला आणि पाचेक मिनिटांत ओठांना मुंग्या आणि घशात खाज. तेवढ्यावर थांबलं, डॉक्टरांनी गोळी देऊन कायमचा बंद केला. सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि गाजरगवत एकाच कुळातले. एकाचं वावडं असलेल्याला दुसऱ्याचंही होऊ शकतं. परागाने काही लोकांना श्वास अडकण्यापर्यंत जोराची रिअ‍ॅक्शन आल्याच्या नोंदी आहेत. दम्याचे पेशंट, गरोदर बाई, लहान मुलं, रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या विक्रेत्याला मी हे सगळं कळवलं. उत्तर आलं, ‘सुरुवातीला शरीर शुद्ध होतं.’ त्याच्याकडून परत घेणं बंद.

सध्या आठवड्यातून तीन-चारदा एक चमचा, दह्यातून. भूक आता नीट आहे, म्हणून रोज घ्यायची गरज वाटत नाही. पुतण्याच्या पेट्या कांद्याच्या फुलावर बसतील तेव्हा एक छोटी बाटली घेईन. त्याला सांगून ठेवलंय, जाळी पेटीला जड जात असेल तर मध दे, पराग राहू दे.