नखाची पांढरी रेघ: लॅक्टिक ॲसिड लोशनचे आठ महिने

शाळेत असताना नाशिकच्या थंडीत आमचा एक खेळ होता. पायाच्या नळीवर नखाने नाव लिहायचं. माझ्या पायावर ते पाटीवर लिहिल्यासारखं ठळक उमटायचं, म्हणून मैत्रिणी माझाच पाय मागायच्या. तेव्हा मजा वाटायची. लाज वाटायला लागली ती कॉलेजात, काळी सलवार उलटी केली की आतून रव्यासारखा पांढरा भुगा झडायचा तेव्हा.

आता वय ४३. थंडीत अंग सगळ्यांचंच उलतं, पण माझ्या नळ्यांवर अक्षरशः खवले धरायचे, कडा किंचित वर आलेले. खोबरेल झालं, साय-डाळीचं पीठ झालं, ग्लिसरीन, कोकमाचं तेल, सगळं झालं. तेलाने खवले जात नाहीत, चकाकतात. आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे वजरी. टाचेची वजरी मी नळीवर घासायचे, लाल होईस्तोवर. दोन दिवस गुळगुळीत, तिसऱ्या दिवशी आग आणि पहिल्यापेक्षा जास्त खवले.

गेल्या नोव्हेंबरात शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पाय जेमतेम पाहिले आणि म्हणाल्या, "तळहात दाखवा." आजवर एकाही ज्योतिषाने माझा हात इतका रस घेऊन पाहिला नसेल. रेषा नेहमीपेक्षा जास्त आणि खोल होत्या. "घरात आणखी कुणाचे पाय असे?" बाबांचे. निदान झालं इक्थिओसिस व्हल्गॅरिस, सौम्य प्रकार. ग्रीकमध्ये इख्थिस म्हणजे मासा, म्हणजे नावातच खवले आले.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं ते असं. कातडीच्या वरच्या थरात फिलाग्रिन नावाचं प्रथिन असतं. ते मोडून जे घटक तयार होतात ते पाणी धरून ठेवतात. त्याच मिश्रणात निसर्गतःच लॅक्टिक आम्ल आणि युरियाही असतात. आमच्या घरात फिलाग्रिनच कमी. फिलाग्रिनच्या जनुकातला दोष हेच या आजाराचं कारण, हे २००६ मध्ये कळलं. त्यामुळे वरच्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन गळत नाहीत, साचत जातात, आणि पाणीही टिकत नाही. दमट हवेत हा त्रास आपोआप कमी होतो. लहानपणी मे महिन्यात गुहागरला मामाकडे गेलं की माझे पाय आठ दिवसांत सुधारायचे, आणि आम्ही सगळे ते मामाच्या विहिरीच्या पाण्याचं पुण्य समजायचो!

औषध दिलं १२ टक्क्यांचं अमोनियम लॅक्टेट लोशन. म्हणजे लॅक्टिक ॲसिडच, पण अमोनियाने त्याची धार कमी केलेली. आईने बाटलीवरचं वाचलं आणि म्हणाली, "अगं, पायाला ॲसिड? ते संडासात टाकतात ना?" दह्याला आंबट करतं तेच आम्ल, हे कळल्यावर तिचा लगेच दुसरा सल्ला आला, मग दहीच लाव की. दह्यात ते साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं, त्यामुळे तो प्रयोग मी केला नाही. शेजारच्या काकूंनी सुचवलेलं लिंबू तर मुळीच नाही, ते आम्ल या कामासाठी फारच तीव्र.

लावायची पद्धत बारीक वाटते, पण निम्मा गुण तिच्यात आहे. पाणी कढत नाही, कोमट. आंघोळ आटोपशीर. टॉवेल टिपायचा, घासायचा नाही, आणि पाय ओलसर असतानाच लोशन. पहिले दहा दिवस रात्री एकदाच, मग दोन वेळा. वर साधं पांढरं व्हॅसलीन, अगदी पातळ. हे वरचं झाकण मी आधी आळसाने टाळत होते. लावायला लागल्यावर फरक दोन दिवसांत कळला, कारण आम्ल ओलावा ओढून घेतं, पण तो उडून जाऊ नये याची सोय दुसऱ्या कुणीतरी करायला हवी.

तोटे आधी सांगते. वास आंबूस, किंचित अमोनियाचा. बंद खोलीत नवरा नाक मुरडतो. चिकटपणा दहा मिनिटं राहतो, तोवर पायजमा घालता येत नाही. डास चावून खाजवलेल्या जागी चरचरतं. वॅक्सिंगच्या दिवशी एकदा विसरून लावलं, आणि बाथरूममध्येच नाचले. आता वॅक्सिंगनंतर दोन दिवस सुट्टी.

फायदा तिसऱ्या आठवड्यात दिसला. मी दर रविवारी त्याच जागी नखाने रेघ ओढून फोटो काढत होते. पहिल्या फोटोत खडूची रेघ, तिसऱ्यात तुटक, चौथ्या रविवारी काहीच नाही. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येत होत्या त्या दिवसांत माझे पाय पायांसारखे दिसत होते. भुगा बंद. गुडघ्यांखालची खाज, जी मी आयुष्यभर गृहीत धरली होती, तीही गेली.

आणि इथेच मी शहाणपणा केला. पायावर इतकं छान, मग चेहऱ्यावर का नाही? बहिणीने दिलेला दहा टक्के ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर घरात पडून होता. फेब्रुवारीत माझे गाल ओढल्यासारखे कोरडे झाले होते. रोज रात्री लावायला सुरुवात केली. ग्लायकोलिक हे लॅक्टिकच्याच कुळातलं आम्ल, पण त्याचा रेणू लहान, आत लवकर शिरतो. चार दिवस चेहरा तुकतुकीत. अकराव्या दिवशी नाकपुड्यांच्या कोपऱ्यात खपल्या, आणि साधं पाणी मारलं तरी जळजळ.

डॉक्टर ओरडल्या, आणि बरोबरच ओरडल्या. पायावर माझी कातडी साचलेली होती, तिथे थर सैल करणारं हवं होतं. गालावर काही साचलेलं नव्हतंच. फेसवॉशने आणि थंडीने वरचं कुंपणच मोडलेलं, त्यातून पाणी उडत होतं, आणि मी उरलेलं कुंपणही उपटलं. महिनाभर सगळं बंद, फक्त सेरामाइडचं (कातडीत मुळातच असणाऱ्या स्निग्ध पदार्थाचं) साधं क्रीम. कोरडेपणा एकच दिसत असला तरी दोन जागी दोन कारणं, हे कळायला मला एक चेहरा खर्ची घालावा लागला. हायल्युरॉनिक ॲसिड मात्र या भानगडीतलं नाही. नावात ॲसिड आहे, पण ते सोलत नाही, पाणी धरतं.

मार्चमध्ये आणखी एक चूक. लोशन हातांच्या पाठीवरही लावत होते आणि गाडीवरून बिनधास्त फिरत होते. ही आम्लं त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. मनगटापासून बोटांपर्यंत हातमोजा घातल्यासारखे हात काळवंडले. आता हातांना रात्रीच लावते, दिवसा सनस्क्रीन. पाय सलवारीत झाकलेले, तिथे प्रश्न नाही.

टाचांच्या भेगांना मात्र या लोशनने फारसं केलं नाही. तिथली कातडी जाड, तिला २५ टक्क्यांचं युरिया क्रीम आणि रात्रभर सुती मोजे, यानेच गुण आला. उघड्या भेगेवर तेही झोंबतं. आधी भेग मिटू द्यायची.

एप्रिलच्या शेवटी लग्नाच्या निमित्ताने बारा दिवस नागपूरला होते, बाटली घरीच राहिली. परत येईपर्यंत नळ्यांवर पुन्हा बारीक जाळी दिसू लागली होती. म्हणजे हे रोजच्या दात घासण्यासारखं आहे, कायमचा इलाज नाही. सध्या पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा पुरतं. एक बाटली थंडीत पाच आठवडे चालली, आता तिसरा महिना सुरू आहे.

एक निरीक्षण अजून. ही आम्लं सुरकुत्यांसाठी गाजली, पण त्यांची त्वचारोगातली ओळख झाली ती १९७४ मध्ये, वॅन स्कॉट आणि यू या दोन संशोधकांनी इक्थिओसिसच्या रुग्णांवर ती वापरून पाहिली तेव्हा. म्हणजे जाहिरातीतल्या गालांच्या आधी माझ्यासारखे पाय होते.

मुलगी बारावीत आहे. परवा तिने तिची नळी पुढे केली आणि नखाने स्वतःचं नाव लिहिलं. उमटलं. मी तिचा तळहात पाहिला. पुढच्या आठवड्यात तिची अपॉइंटमेंट घेतली आहे. तोवर तिला व्हॅसलीन, आणि माझ्या बाटलीला हात लावायचा नाही अशी ताकीद.