स्विंगआर्म लांबवायचा, नवा बनवायचा की तयार घ्यायचा?

वाळूच्या उभ्या चढावर क्वाडचं (चार चाकांच्या मोटरसायकलसारख्या गाडीचं) नाक उचललं जातं, म्हणून मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल धरणारा वर-खाली हलणारा हात, लांब करतात. कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या टेकड्यांवर चार-सहा इंच लांबवलेल्या यामाहा बॅन्शी सर्रास दिसतात. (बॅन्शीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आपल्या राजदूत 350 च्याच खानदानातलं, फक्त पाण्याने थंड होणारं.) तुम्हाला झाडीतल्या वाटा किंवा मोटोक्रॉस ट्रॅक चालवायचा असेल तर हा उद्योगच करू नका. लांब आर्मची गाडी वळायला आडमुठी होते.

किती लांब हे आधी ठरवा, आणि ते टेपवर नाही, चेनवर मोजा. 520 चेनचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, 15.875 मिमी. लिंका जोडीनेच वाढतात. दोन लिंका वाढवल्या की अ‍ॅक्सल जवळपास तेवढाच, 15.875 मिमी, मागे जातो. सरळ चार इंच म्हणजे 101.6 मिमी वाढवलेत तर हिशोब 12.8 लिंकांचा येतो. 12 घातल्या तर चेन तोकडी, 14 घातल्या तर अ‍ॅक्सल आणखी साडेनऊ मिमी मागे ओढावा लागतो, आणि अ‍ॅडजस्टरमध्ये तेवढी जागा असेलच असं नाही. त्याऐवजी 95.25 मिमी धरा, 12 लिंका बरोबर बसतात. अर्ध्या लिंकेचा जुगाड नको.

आता ताकदीचं. मोटरसायकलच्या आर्मवर मुख्यतः वाक येतो, क्वाडच्या आर्मवर पीळही येतो. अ‍ॅक्सल अखंड असल्याने एकच चाक दगडावर आदळलं की मध्यापासून चाकापर्यंतच्या लांबीच्या पान्याने आर्म पिळल्यासारखा होतो. वाकाचंही बघा. पिव्होटपासून (आर्म फ्रेमला जिथे जोडलेला असतो तिथून) शॉक अब्सॉर्बरचा माउंट 200 मिमीवर आणि अ‍ॅक्सल 480 मिमीवर आहे असं समजा. अ‍ॅक्सल 575 वर गेला की माउंटपाशी वाक 34 टक्क्यांनी वाढतो. आणि तो खालच्या पृष्ठावर ताण देतो, म्हणून तडे खालूनच सुरू होतात.

मूळ आर्म कापून लांबवणे. पहिली परीक्षा चुंबकाची. चिकटला तर स्टील, पुढे वाचा. नाही चिकटला तर हा पर्याय सोडा. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू नेमका कोणता ते कळत नाही, आणि आर्म ओतीव नसून 6061-टी6 चा असला तरी वेल्डच्या शेजारी त्याची ताकद निम्म्यावर येते. पूर्ण हीट ट्रीटमेंटशिवाय ती परत येत नाही.

स्टीलच्या आर्मचे बेअरिंग, सील, बुश आधी काढा. रंग आणि प्लेटिंग जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन इंच घासा, जस्ताचा धूर विषारी असतो. पुसायला अ‍ॅसिटोन वापरा आणि सुकू द्या. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर अजिबात नको, आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन वायू निघतो.

कापण्याआधी जिग, म्हणजे माप पक्कं धरून ठेवणारा साचा. पिव्होटच्या भोकातून नेमक्या मापाचा रॉड आणि अ‍ॅक्सलच्या जागी डमी शाफ्ट, दोन्ही जाड प्लेटवर पक्के. कापल्यानंतर जिग केला तर मूळ माप कुणाला विचारणार? दोन्ही शाफ्ट समांतर आहेत ना हे दोन्ही टोकांना मोजा, शिवाय कर्णही मोजा. अर्ध्या मिमीच्या वर फरक ठेवू नका. पुढे तोच चेन आणि स्प्रॉकेट खातो.

काप सरळ आडवा नको, तिरका घ्या, म्हणजे सगळा वेल्ड एकाच रेषेत येत नाही. आत घट्ट बसणारी स्लीव्ह, कापाच्या दोन्ही बाजूंना नळीच्या उंचीच्या किमान दीडपट, आणि बाजूच्या भिंतींत भोकं पाडून ती भरणारे प्लग वेल्ड. जोड शॉक माउंटपासून जितका दूर तितका बरा. सगळीकडे टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड), पुन्हा माप, मग आलटून पालटून छोटे टप्पे. खालच्या पृष्ठावर आडवा गसेट (आधाराची पट्टी) लावायचा मोह टाळा, त्याच्या टोकाशीच तडा जातो. गसेट बाजूला लावा, टोकं निमुळती ठेवा. गार होऊ दे आपोआप, पाणी मारू नका. शेवटी डाय पेनिट्रंट टेस्ट, म्हणजे रंगीत द्रवाने बारीक तडे शोधणं.

साधारण चार इंचांपर्यंत आणि चांगला टिग (टंगस्टन आर्क) वेल्डर हाताशी असेल तर हा पर्याय चालतो. त्यापुढे मूळ नळीच अपुरी वाटू लागते.

नवा बनवणे. 4130 क्रोमोलीची (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची) सीमलेस नळी, 2.4 मिमी भिंत, ईआर70एस-2 फिलर, टिग. एवढ्या पातळ भिंतीला सहसा प्रीहीट लागत नाही, पण वारा लागू देऊ नका. पिळाला उत्तर म्हणजे पिव्होटजवळ बंद पेटीसारखा आडवा बीम. दोन उघड्या बाह्या आणि मध्ये एक पट्टी, ही रचना कितीही जाड केली तरी पिळतेच. पिव्होट आणि कॅरिअरची (अ‍ॅक्सलचे बेअरिंग धरणाऱ्या घराची) भोकं कमी मापाची ठेवून वेल्डनंतर बोअर करा, उष्णतेने ती लंबगोल होतात. सहा इंच किंवा जास्त हवं असेल आणि लेथ-मिलिंगची सोय असेल तरच इकडे वळा. लेथवाल्याकडे फेऱ्या मारण्यात जाणारा वेळही किमतीत धरा.

तयार घेणे. लिंकेज (आर्म आणि शॉकमधली सांध्यांची जोडणी) तुमचंच राहणार की शॉक थेट आर्मला जोडणारा नो-लिंक आहे, कॅरिअर कोणता बसतो, बेअरिंग सोबत येतात का, एवढं विचारा. नो-लिंक असेल तर शॉकही नवा लागतो. जिग नाही, टिग नाही, तर हाच घ्या. महाग वाटतो तितका नाही, कारण चेन, लांब ब्रेक होज, पार्किंग ब्रेकची केबल आणि स्प्रिंग हा खर्च तिन्ही वाटांना सारखाच आहे.

स्प्रिंग लोक हमखास विसरतात. वरच्या उदाहरणात चाकापाशी कडकपणा तब्बल 30 टक्के घटतो. मागचं वजनही थोडं घटत असल्याने त्या हिशोबातून निघणारी 43 टक्के कडक स्प्रिंग लागत नाही. आधी सॅग (गाडीवर बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) मोजा, मग घ्या.

बसवताना शॉक काढून आर्म हाताने पूर्ण वर-खाली करा. पुढचं स्प्रॉकेट, पिव्होट आणि अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सर्वांत ताणलेली असते, ढील तिथेच तपासा. ब्रेक होजचं माप मात्र आर्म पूर्ण खाली असताना. पहिल्या काही राउंडपर्यंत पावडर कोटिंग नको, फिकट रंगाचा पातळ हात पुरे, म्हणजे वेल्डच्या कडेला गंजाची बारीक रेघ उमटली तर लगेच दिसते.