कर्नाळा की नांदूर मधमेश्वर? घरच्यांना घेऊन पक्षी बघायला निघताना

पक्षी बघायला पहिल्यांदाच निघताय, सोबत आई-वडील आहेत, एखादं लहान मूल आहे, आणि फार चढउतार नको आहे. मुंबई, ठाणे, नाशिककडच्या माणसापुढे अशा वेळी दोन पक्षी अभयारण्यांची नावं येतात. पनवेलजवळचं कर्नाळा आणि निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर. माझं मत आधीच सांगतो: हिवाळा असेल तर लांब पडलं तरी नांदूर मधमेश्वरला जा.

कारण साधं आहे. नवख्या माणसाला पक्षी दिसायला हवा, नुसता ऐकू येऊन भागत नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाणपक्ष्यांना लागतं ते सगळं तिथे आयतं मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे पाहुणे उतरतात. जांभळी पाणकोंबडी, चमचा, बगळे हेही असतातच. पक्षी उघड्यावर असतात, बराच वेळ एका जागी थांबतात. आजोबांना दुर्बीण डोळ्याला लावून नीट जुळवेपर्यंत बदक पळून जात नाही! रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ; २०२० मध्ये ते जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत आणि चालणं सपाटीवरचं. मनोऱ्याच्या पायऱ्या जमत नसतील तर काठावरूनही पुष्कळ दिसतं.

उणं काय? सावली कमी. ऊन चढलं की पाण्यावर चकाकी येते आणि रंग कळेनासे होतात, म्हणून उजाडताच पोचायला हवं. एसटीने हे जमवणं कठीण, स्वतःची किंवा भाड्याची गाडीच लागते. मुंबईकरांनी आदल्या रात्री नाशिकला मुक्काम करावा. उन्हाळ्यात मात्र केवळ यासाठी तिथवर जाऊ नये, पाहुणे परतलेले असतात.

कर्नाळ्याचं पारडं जड होतं ते जवळ असण्यानं. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो आणि पनवेलहून पेणच्या बाजूला जाणारी एसटी धरली की काम होतं. सावली भरपूर. हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटांवर सावकाश फिरता येतं, मात्र दगड-मुळं चुकवत चालावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. किल्ल्याकडे जाणारी वाट वेगळी, ती चांगलीच चढणीची आहे. सुट्टीच्या दिवशी किल्ल्यावर जाणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे जमलं तर मधल्या वारी जा.

इथले पक्षी मात्र झाडोऱ्यात राहणारे. शामा गातो, तांबट ठोके देत राहतो, भृंगराज नकला करतो, आणि माना वर करकरून शेवटी एखादी शेपटी दिसते. स्वर्गीय नर्तक दिसला तर त्या दिवशी दुसरं काही नको. सात-आठ वर्षांचं मूल या लपाछपीला लवकर कंटाळतं. पाखरांची थोडी ओळख असलेल्या माणसाला मात्र मी डोळे मिटून कर्नाळाच सुचवेन.

पावसाळ्यात तर कर्नाळ्याशी तुलनाच नाही. तिबोटी खंड्या पावसाबरोबर कोकणात येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. एवढासा जीव, पण रंग बघत राहावेत असे. त्याच्या बिळासमोर फोटोसाठी ठाण मांडून बसू नका. चोचीत सरडुली घेऊन आलेला पक्षी समोर माणसं बघून माघारी फिरतो आणि पिल्लं उपाशी राहतात. लांबून दोन मिनिटं बघावं आणि पुढे व्हावं.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या, दोन्हीकडे चालते. नांदूरला टोपी आणि भरपूर पाणी, कर्नाळ्याला बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. माकडांमुळे कर्नाळ्यात खाऊ पिशवीतच राहू द्या.