फार्महाऊसवर पाणी हवंय: ओढ्यावर मातीचा बांध की खोदलेलं तळं?

मावळ-मुळशीकडे चार एकर घेतले की पाण्याचा विषय निघतोच. पोहायला, गळ टाकून बसायला, नाहीतर नुसतं बघायला. माझ्या जागेत आधीच्या मालकाने ओढ्याला आडवा घातलेला मातीचा बांध होता. तो मोडून मी आता प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यावर आलोय.

दिसायला बांधच सरस. काठाला गवत, पाण्यावर खंड्या-बगळे, भाद्रपदात तिथून उठवत नाही. तळ्याचा काळा कागद त्यापुढे डोळ्यांत खुपतो. जागेवरच काळी माती आणि मुरूम मिळाला तर बांध स्वस्तही पडत असावा.

मालकीत मात्र गोम आहे. सातबारा तुमचा असला तरी ओढ्याचं पात्र सहसा सरकारचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम २० तेच सांगतं. पाणी अडवलं की खालचा शेतकरी हरकत घेणार आणि बांध फुटून त्याची खाचरं वाहून गेली तर दार तुमचंच वाजवणार. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांसाठी. तुमच्या तीन-चार मीटरच्या बांधाची पावसाळ्याआधी पाहणी करायची, तर ती तुम्हीच. २०१९ मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि सगळे हसले. बिळं बुजवत बांधावर फिरलेला माणूस जरा कमी हसला असेल.

पण माझा निर्णय झाला तो सांडव्यामुळे, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेमुळे. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं की तो फार वेळ तग धरत नाही, म्हणून सांडवा मोकळा हवा. आणि घरातल्या प्रत्येकाला तो बंद हवा असतो, कारण पहिल्याच पुरात रोहू-कटला तिथून पळतात. राखणदार जाळी लावायचा. तिच्यात सागाची पानं, काटक्या, वरून वाहून आलेलं प्लास्टिक. मी काढायला लावायचो, पुढच्या खेपेला जाळी पुन्हा जागेवर. पुण्यात जुलैच्या रात्री खिडकीवर पाऊस वाजला की मी त्याला फोन लावायचो आणि तिकडे रेंज नसायची.

ही कटकट फक्त आपलीच नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात साउथ फोर्कला धनिकांच्या मासेमारी क्लबचं असंच मातीचं धरण होतं, आपल्या बांधांपेक्षा कितीतरी मोठं. सांडव्यावर मासे अडवायच्या जाळ्या. तळाचे निचऱ्याचे पाइप तर क्लबच्या आधीच काढून विकलेले. ३१ मे १८८९ रोजी ते फुटलं, खाली जॉन्सटाउन परिसरात २,२०० हून अधिक माणसं गेली. क्लबवर कोर्टात जबाबदारी शाबीत झाली नाही.

तळं निर्धोक आहे असं नाही. ओला कागद इतका निसरडा की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर, टायरच्या ट्यूब आणि कुलूपबंद कुंपण पाणी भरण्याआधीच करा. पावसाळ्यात जमिनीला पाझर फुटणारी जागा असेल तर कागद खालून फुगतो. तिथे तळं नकोच. आणि ठेकेदार कडेने उंच भराव घालून खोली दाखवू लागला तर ऐकू नका, तो बांधच झाला. पाणी जमिनीच्या पातळीखालीच राहू द्या.

बारमाही जागेवर राहणारं, सांडवा स्वतःच्या हाताने साफ करणारं घरचं माणूस असेल तर बांधाचा विचार जरूर करा. शनिवार-रविवारच्या मालकाने, मला वाटतं, खोदकामवाल्याला फोन करावा.