लाडली लक्ष्मी की गृह आधार?

गोवा सरकारने २०१२ मध्ये या दोन्ही योजना आणल्या. लाडली लक्ष्मीत मुलीला एकदाच १ लाख रुपये मिळतात, तर गृह आधारात पात्र गृहिणीला दरमहा १,५०० रुपये. लाखाचा आकडा डोळ्यांत भरतो. पण महिन्याच्या पैशांतून तेवढी रक्कम सुमारे साडेपाच वर्षांत होते आणि पुढेही येत राहते. लग्नासाठी घेतलेला लाख हॉल, जेवणावळ, सोनं यांत दोन दिवसांत उडतो. (शिक्षणाला किंवा धंद्याला लावला, तर गोष्ट वेगळी.) संसाराला चणचण भासते ती रोजच्या खर्चाची: गॅस, शिकवणी, सासूबाईंची औषधं. म्हणून माझा कौल गृह आधारला. फक्त हप्ता रखडता कामा नये. त्याच्या भरवशावर वाणसामानाची उधारी असते.